एका झटक्यावर

त्या दिवशी हेमसिंग मला तेल लावत बसला होता.

मी दोर आहे. गुराचं दावं नव्हे आणि मोटेचा नाडाही नव्हे. विहिरीत बुडी मारणाऱ्या माणसाच्या कमरेला बांधतात, तो दोर मी. माझं एक टोक पाण्याखाली असतं, दुसरं काठावरच्या माणसाच्या हातात. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही. दोघांमध्ये फक्त मी असतो.

उन्हाळा तापला होता. मानोऱ्यापासून कोसभरावर आमचा तांडा. धनीबाई झोपडीपुढे मोहाची फुलं उन्हात पसरत होती आणि हेमसिंग जवसाच्या तेलाची वाटी घेऊन मला हात-हातभर चोळत होता. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी खाली जातं, तेव्हा गाळ काढायला, पडलेल्या वस्तू वर आणायला लोक त्याला बोलावतात. त्याआधी मला तेल मिळतं. दर वर्षीसारखा तो दिवस होता.

तांड्याच्या वाटेनं गोपीचंद आला. मुंबईच्या गोदीत दौलतसिंगबरोबर राहणारा, तांड्यातलाच तरुण. दौलतसिंग म्हणजे हेमसिंगचा एकुलता एक मुलगा, गोदीत पाणबुड्याचं काम शिकणारा. गोपीचंदच्या खांद्यावर दौलतची पत्र्याची पेटी होती.

धनीबाई हसून म्हणाली, "काहून रे, हमाल झाला का त्याचा? तो कुठी राह्यला?"

गोपीचंदनं पेटी खाली ठेवली नाही. तशीच खांद्यावर धरून तो म्हणाला, "काकी, दौलत गेला. पाण्यात गेला. तिकडंच सारं केलं आमी."

धनीबाईचे हात फुलांत होते, ते तिथंच राहिले. हेमसिंग रडला नाही. त्यानं विचारलं, "दोर कोणाच्या हातात होता?"

"उस्तादाच्या माणसाच्या. मी हवेच्या पंपावर होतो, काका. चाक फिरवून राह्यलो होतो."

"झटका नाही आला?"

"आलता ना. एकच आला. तो माणूस म्हणे, ठीक हाय म्हणून सांगून राह्यला. त्यानं बी उलटा एक देल्ला. मंग पुन्हा एकच आला. मंग आणखी एक, जरा हलका. मंग काहीच नाही."

हेमसिंगच्या हातून मी सुटलो. तेलाची वाटी कलंडली.

"एकच," तो म्हणाला.

जमलेल्या बायकांना वाटलं, दुःखानं बरळतो आहे. तो बरळत नव्हता. त्याच्या त्या एका शब्दात माझं सगळं आयुष्य आलं होतं, म्हणून ते सांगावं लागतं आहे.

माझा जन्म अंबाडीचा. ज्या वर्षी दौलत चालायला लागला, त्या वर्षी धनीबाईनं शेताच्या धुऱ्यावरची अंबाडी कापली, नाल्याच्या डोहात भिजत घातली, कुजल्यावर सोलली आणि वाख काढला. ती ढेऱ्यावर सूत कातायची आणि दौलत त्या गरगर फिरणाऱ्या ढेऱ्याला धरायला धावायचा. मग हेमसिंगनं निंबाच्या झाडाला बांधून मला तीन पदरांत वळलं. वळताना तो बोलत नव्हता. मला वाटलं, माणूसच अबोल असेल. नंतर कळलं, तो त्यांचा रिवाज आहे. दोर वळताना बोलायचं नाही आणि विहिरीवर दोर धरल्यावर तर नाहीच नाही. तोंड चालू झालं की हात बहिरे होतात, असं ते मानतात.

आणखी एक नियम होता. तो रिवाज नव्हता, तो हेमसिंगचा स्वतःचा होता. खालच्यानं एक झटका दिला की वर ओढायचं. विचार करायचा नाही, थांबायचं नाही.

आधी असं नव्हतं. त्याच्या वडिलांच्या काळी दोन झटके असत. हेमसिंगचा थोरला भाऊ किसनसिंग एका पडक्या विहिरीत उतरला होता. दोर हेमसिंगच्या हातात होता. खालून एक झटका आला. हेमसिंग दुसऱ्याची वाट पाहत उभा राहिला. दुसरा आलाच नाही. किसनसिंगला वर काढला तेव्हा त्याचा पाय दगडांच्या सांदीत सोलून निघाला होता आणि श्वास संपला होता. हे मी पाहिलेलं नाही, मी तेव्हा शेतातही नव्हतो. पण दौलतला पहिल्यांदा माझ्या टोकाला बांधलं त्या दिवशी हेमसिंगनं त्याला हे सांगितलं, तेव्हा मी दोघांच्या पायांशी पडलो होतो.

"बुडणाऱ्याजवळ दुसरा झटका असते का नाही, कोणाले ठाव?" तो म्हणाला. "म्हणून एक. एक देल्ला की मी ओढीन. मले काही इचारू नको, मी बी तुले इचारणार नाही."

दौलत शिकला ते असं. मानोऱ्याजवळ बापूरावाचा मळा होता. वांगी, मिरची, पालक लावून तो बाजारात नेऊन विकायचा. त्याच्या विहिरीला पाणी भरपूर आणि बापूरावाच्या बायकोच्या हातून कळशा फार पडायच्या. त्या काढता काढता दौलत तयार झाला. डोळे उघडे ठेवून खाली बघायला शिकला, कानांत दुखायला लागलं की नाक दाबून हवा ढकलायला शिकला, गाळात हात घालून पितळ कोणतं आणि खडक कोणता ते ओळखायला शिकला. आणि घाबरलं की हात कमरेकडे जाऊन एकदा मला हिसडायचा, हे शिकला. नंतर ते शिकलेलं राहिलं नाही. डोळ्यात काही गेलं की पापणी मिटते, तसं ते झालं.

बापूराव काठावर बसून बडबडत असे. त्याला रिवाज नव्हता. "हेमसिंग," तो म्हणायचा, "तुया पोराले मासोळीची पोरगी पाहा आता. बाईमाणूस काही याच्यासंग राहणार नाही." हेमसिंग दोर धरून असल्यामुळे उत्तर देऊ शकत नसे, आणि बापूरावाला हे चांगलं माहीत होतं. दौलत वर आल्यावर मग हेमसिंग साठवून ठेवलेली सगळी उत्तरं एकदम द्यायचा. हसत हसत मला गुंडाळायचा. ते दिवस मला आठवतात. माझ्या पदरांतून पाणी निथळायचं आणि वर ऊन असायचं.

तांड्यातले लोक सुगी संपली की कामाला बाहेर जात. एका वर्षी दौलत गोपीचंदबरोबर मुंबईला गोदीत मजुरीला गेला. तिथं एक वजनदार साखळी पाण्यात पडली. ती काढायला पाणबुडे बोलावले होते, ते यायच्या आत दौलत नुसत्या लंगोटीवर उतरला आणि साखळीला दोर बांधून वर आला. पाणबुड्यांचा उस्ताद त्याला शिव्या देत म्हणाला, "विहिरीतला बेडूक! मरायचं असेल तर पद्धतीनं मर. उद्यापासून माझ्याकडं ये."

मी तिथं नव्हतो. मी झोपडीतल्या खुंटीवर होतो. हे सगळं दौलतनं होळीला आला तेव्हा सांगितलं.

होळी म्हणजे आमच्या तांड्याचा मोठा सण. लेंगीची गाणी गाऊन सगळ्यांचे गळे बसले होते, तरी सारा तांडा दौलतभोवती बसला होता. तो सांगत होता, की अंगात रबराचा अंगरखा घालतात, पायात शिशाचे जोडे, आणि डोक्यावर तांब्याचा हंडा पालथा घालून स्क्रूनं आवळतात. हंड्याला काचेच्या खिडक्या असतात. वर दोन माणसं पंपाचं चाक फिरवतात, त्याची हवा नळीतून हंड्यात येते. माणूस तासभर खाली राहतो, चालतो, हातोडा मारतो.

"अन् नाक खाजवलं तं?" धनीबाईनं विचारलं.

"याडी, तेच तं खरं शिक्षण हाय. नाक खाजवू नये हे शिकाले मले महिना लागला."

सगळे हसले. हेमसिंगही हसला. पण मी त्याच्या मांडीवर होतो आणि त्याची बोटं माझ्यावरून फिरत होती. त्याला अभिमान वाटत होता आणि काहीतरी खुपतही होतं. एवढं सगळं तांबं, शिसं आणि रबर, आणि त्यात आपण शिकवलेलं कुठं आहे, हे तो शोधत होता.

मग दौलत त्याच्याकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "बा, एक काम हाय तुयाकडं. वैशाखात माही परीक्षा. पास झालो की पक्का पाणबुड्या. पगार, खोली, सारं. तुमाले दोघाईले तिकडं नेतो. बाकी सारं येते मले. हात नाही ऐकत."

गोदीत एक झटका म्हणजे 'मी ठीक आहे'. वर ओढायचं असेल तर चार झटके द्यायचे. तिथलं पाणी विहिरीसारखं गप्प बसत नाही, भरती-ओहोटी दोराला सारखी हिसडत असते. एका झटक्यावर ओढायचं ठरवलं तर दिवसभर ओढतच बसावं लागेल. उस्तादानं हे समजावलं होतं आणि दौलतला ते पटलंही होतं. पण एकदा खाली गढूळ पाण्यात एक जुनी तार पायात अडकली, आणि त्याचा हात कमरेकडे जाऊन एकदाच हिसडला. वरच्यानं एक झटका उलट दिला. ठीक आहे, तर ठीक आहे. त्या वेळी तार सुटली म्हणून निभावलं. वर आल्यावर उस्तादानं त्याच्या हातावर छडी मारली होती. म्हणाला होता, "या हातात अजून तुझं गाव आहे."

"मंग?" हेमसिंगनं विचारलं. "मी काय करू?"

"विहिरीवर चल. मी एक देईन, तू ओढू नको. चार येतपर्यंत ओढूच नको. एका झटक्यानं कोणी येत नाही, हे माया हाताले एकदा समजू दे. तुयाच दोरावर शिकलं ते, तुयाच दोरावर जाईन."

दुसऱ्या दिवशी आम्ही बापूरावाच्या विहिरीवर गेलो. दौलतनं मला कमरेला बांधलं आणि उडी मारली. हेमसिंगनं मला दोन्ही हातांत धरलं. तळ गाठल्यावर दौलतनं एक झटका दिला. तो झटका माझ्यातून वर गेला आणि हेमसिंगच्या हातांत पोचताच त्या हातांनी ओढायला सुरुवात केली. दौलत पाण्याबाहेर आला तो ओरडतच.

"बा! ठीक हाय म्हणून सांगून राह्यलो होतो!"

"बरं, बरं. चुकलं. जाय पुन्हा."

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदाही. बापूराव मिरचीच्या वाफ्यातून उठून आला आणि पोट धरून हसायला लागला. "दौलत, तुहा बाप मोटेचा बैल झाला रे! शीळ घातली की चालला. त्याले झाडाले बांध अन् दोर मायाजवळ दे."

ते हेमसिंगला लागलं. त्या दिवशी त्यानं उत्तर साठवून ठेवलं नाही. "माया दोराले हात लावू नको, बापूराव."

दौलत काठावर बसून धापा टाकत होता. अंगावरून पाणी गळत होतं. समजूत घालावी तसं तो म्हणाला, "बा, जोवर तू एकावर ओढतं, तोवर हे जाणार नाही. वरचा थांबला तं खालचा थांबते."

"तुले ठाव हाय, मी एकदा थांबलो होतो."

"ठाव हाय."

"तरी म्हणतं थांब?"

दौलत कमरेची गाठ सोडायला लागला. बापूराव वाफ्याकडे निघून गेला. मी दोघांच्या मध्ये ओला पडलो होतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझी दोन टोकं दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होती, आणि दोन्ही खऱ्या होत्या. विहिरीत एकच झटका खरा, समुद्रात चारच खरे. दोन्ही नियम माणसांना वाचवण्यासाठीच ठरले होते.

शेवटी हेमसिंग उठला. मला गुंडाळत म्हणाला, "आज हात दमले. सकाळी येऊ. सकाळी नाही ओढणार. चार येतपर्यंत नाही ओढणार, जाय."

"खरं?"

"खरं म्हटलं ना. तुया याडीची आण."

दौलत हसला. त्याची मोटार दुपारची होती. मानोऱ्याहून मूर्तिजापूर आणि तिथून मुंबईची गाडी. सकाळ मोकळी होती.

सकाळी उजाडताच शेजारच्या गावाहून माणूस आला. कुणाच्या तरी विहिरीत मोटेचं लोखंडी कडं पडलं होतं. अडलेलं काम नव्हतं, दुसऱ्या दिवशीही झालं असतं. हेमसिंगनं क्षणभर विचार केला आणि मला खांद्यावर टाकलं. दौलत तांब्या घेऊन बाहेर गेला होता. "येतो म्हणा त्याले, गेलो तसा येतो," एवढं तो धनीबाईला सांगून निघाला. त्याच्या चालण्यात घाई होती. तेव्हा मला वाटलं, लवकर परतायची घाई असेल.

कडं लगेच निघालं. गळ टाकला आणि दुसऱ्याच फेऱ्यात लागलं, बुडी मारावीही लागली नाही. मग त्या लोकांनी जेवायला बसवलं. हेमसिंग नाही म्हणाला नाही. जेवून झाल्यावर पान खाल्लं. पान झाल्यावर त्यांच्या म्हाताऱ्याशी गुरांच्या गोष्टी केल्या. मी त्याच्या शेजारी कोरडाच पडलो होतो. ऊन माथ्यावर आलं, तरी तो उठेना.

मला जे कळलं ते असं. त्याला भीती वाटत होती. मुलगा पाण्याखाली आहे, झटका आला आहे आणि आपण ओढायचं नाही, हे त्याला जमणार नव्हतं. आणि जमणार नाही, हे मुलासमोर दिसू द्यायचं नव्हतं.

आम्ही तांड्यावर परतलो तेव्हा मोटार निघून गेली होती. धनीबाई म्हणाली, "सकाळपासून तो बापूरावाच्या विहिरीवर जाऊन बसला होता, दोराची वाट पाहत. मीच बोलावून जेवू घातलं. जाता जाता म्हणे, बाले सांगजो, परीक्षा देतो तशीच, दिवाळीले करू."

हेमसिंगनं मला खुंटीवर अडकवलं आणि हातपाय धुतले.

पुढं काय झालं ते गोपीचंदनं त्या दिवशी सांगितलं. परीक्षेसाठी एका बुडालेल्या पडावाच्या, म्हणजे मालवाहू होडीच्या, तळाशी काम होतं. दौलतची हवेची नळी कुठंतरी लाकडांत अडकून दबली. पंपाचं चाक जड झालं, तसं गोपीचंदनं ओरडून सांगितलं. दोर धरणारा म्हणाला, "घाबरू नको, आत्ताच ठीक आहे म्हणाला." तो माणूस वाईट नव्हता. त्याला जे शिकवलं होतं, ते त्यानं बरोबर केलं. चार आले असते तर त्यानं जीव तोडून ओढलं असतं. खालचाही बरोबरच करत होता. तोही जे शिकवलं होतं तेच करत होता.

त्यानं तीनदा वर ओढा म्हटलं. वरच्यांनी तीनदा ते ठीक आहे असं ऐकलं.

दिवस झाले, तेरावं झालं. गोपीचंद परत गेला. पाऊस झाला, पिकं आली. लोक हेमसिंगला बोलवायला येतात आणि धनीबाई त्यांना दारातूनच परत पाठवते. आता मला तेल लागत नाही. पावसाळ्यात छपरातून माझ्यावर पाणी ठिबकलं. उंदरांनी एक पदर कुरतडला आहे. बापूराव एकदा आला होता. त्याच्या विहिरीत कळशी पडली होती. तो म्हणाला, "राहू दे पडलेली. मी ते सांगाले नाही आलो." मग तो नुसता बसून राहिला. त्याच्या बडबडीत आता काही उरलं नाही.

एकदा संध्याकाळी हेमसिंगनं मला खुंटीवरून काढलं. एक टोक धनीबाईच्या हातात दिलं, तिला झोपडीत बसवलं, आणि दुसरं धरून तो बाहेर निंबाखाली उभा राहिला. दाराला पडदा होता.

"दे एक," तो म्हणाला.

"आता कायले?" आतून आवाज आला.

"दे म्हणतो ना."

 मग तिनं एक झटका दिला. हलकाच. मी तो त्याच्या हातांपर्यंत नेला आणि त्या हातांनी मला ओढायला सुरुवात केली. धनीबाई पडद्यापर्यंत फरफटत आली. तिनं टोक सोडलं नव्हतं. तो ओढत होता आणि ती सोडत नव्हती. मग दोघं दाराच्या उंबऱ्यावर बसली. मी त्यांच्या पायांत पडलो होतो.

त्यानंतर त्यानं मला हात लावलेला नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. मला जाळू नका. कुणाला गुरं बांधायला देऊही नका. एखाद्या विहिरीवर कुणाच्या कमरेला माझ्यासारखा दोर बांधलात, तर वरच्यानं खालच्याला उतरण्याआधी विचारावं, की घाबरलास तर तुझा हात काय करतो. त्याच्या तोंडाला विचारू नये, हाताला विचारावं.

मी अजून कामाचा आहे. कुरतडलेला तुकडा कापून टाकला तर उरलेला भाग माणसाचं वजन पेलेल. पण आता या घरात खाली उतरणारा कुणी नाही.

होळीनंतरच्या त्या सकाळी बापूरावाच्या विहिरीत जी बुडी व्हायची होती, ती झाली नाही.